चाळिशीनंतर पुन्हा क्रॉस-कंट्री: परतणाऱ्या धावपटूसाठी टप्प्याटप्प्याने

क्रॉस-कंट्रीत, म्हणजे गवत, चिखल आणि चढउतारांवरून होणाऱ्या धावण्याच्या शर्यतीत, घड्याळाला फारशी किंमत नसते. एक मार्ग चढाचा, दुसरा सपाट गवताचा, आणि तोच मार्ग पावसानंतर पळलात तर तिसराच. म्हणून निकाल लागतो तो क्रमांकाने. वयानं वाढलेल्या जुन्या खेळाडूसाठी ही मोठी सोय आहे. ट्रॅकवर उतरलात की पंचविशीतली पाच हजार मीटरची वेळ समोर उभी राहते आणि तिच्यापुढे आजची प्रत्येक फेरी फिकी पडते. इथे तसा जुना आकडा कुणाकडेच नसतो. तुमच्या पुढे कोण आहे आणि मागे कोण, एवढंच बघायचं.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. आयुष्यात पहिल्यांदा धावणारा माणूस दम लागला की थांबतो, चालू लागतो. तुम्ही थांबणार नाही. छाती भरून आली तरी पाय कसे चालू ठेवायचे हे तुम्ही विशीत शिकलात आणि ते अंगात मुरलेलं आहे. सोसायची सवय टिकते. पण ते सोसणं ज्यांच्यावर येतं त्या पोटऱ्या आणि कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे चिवट दोर) तेवढ्या टिकलेल्या नसतात. परतणाऱ्यांच्या पुष्कळशा दुखापती या तफावतीतून होतात. पुढचे टप्पे मुख्यतः ही तफावत भरून काढण्यासाठी आहेत.

आधी तपासणी

पस्तिशीनंतर व्यायाम करताना अचानक येणाऱ्या मृत्यूंमागे सर्वांत जास्त वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे असतात. तरुणपणी तुम्ही किती पदकं मिळवलीत याचा त्या अडथळ्यांशी काही संबंध नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जा आणि ‘थोडं धावायला सुरुवात करतोय’ असं मोघम सांगू नका. ‘मला शर्यतीत चढावर पूर्ण जोर लावायचा आहे’ असं स्पष्ट सांगा. त्यावरून स्ट्रेस टेस्ट हवी की साधा ईसीजी पुरे, हे त्यांना ठरवता येतं. घरात कुणाला लहान वयात हृदयविकार झाला असेल तर तेही सांगा. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन यांच्याबरोबर फेरिटिनही तपासून घ्या. शरीरातला लोहाचा साठा कमी असेल तर सराव कितीही नेटका असला तरी पाय जड राहतात. पाळी थांबलेल्या स्त्रियांनी हाडांच्या घनतेबद्दलही विचारावं, कारण इस्ट्रोजेन कमी झाल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होऊ शकतात आणि सरावाच्या ताणाने पडणारी बारीक चीर पुढचे कित्येक महिने खाऊन टाकते.

औषधं चालू असतील तर त्यांचा परिणाम समजून घ्या. बीटा-ब्लॉकर हे रक्तदाब-हृदयासाठीचं औषध घेणाऱ्याचे ठोके मुद्दामच कमी ठेवलेले असतात, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातले हृदयगतीचे पट्टे त्याच्यासाठी निरुपयोगी ठरतात. काहींना स्टॅटिनमुळे (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीमुळे) स्नायू दुखतात आणि ती दुखी सरावाची समजली जाते. धावताना छातीत दडपण, चक्कर, ठोके चुकल्यासारखं वाटणं, नेहमीच्या वेगाला अचानक न पेलणारा दम, यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबायचं. ‘ही फेरी तेवढी पूर्ण करतो’ हा जुना बाणा इथे जिवावर बेतू शकतो.

काय गेलं, काय उरलं

शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, बैठं आयुष्य जगणाऱ्यांत तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण 10 टक्के घटते. जोमानं सराव चालू ठेवणाऱ्यांत ही घट बरीच कमी असते. तुम्ही मधली वर्षं बसून काढली असतील तर घसरण मोठी आहे, पण तिचा एक भाग सरावानं परत मिळतो आणि तो तुलनेनं लवकर मिळतो. रक्ताचं प्रमाण काही आठवड्यांत वाढतं, दम महिन्या-दोन महिन्यांत सुधारलेला जाणवतो. एकदा कमावलेला स्नायूही पहिल्यांदा कमावताना लागला त्यापेक्षा लवकर भरतो.

कंडरांचं तसं नाही. त्यांच्यातला रक्तपुरवठा तोकडा, त्यामुळे वाढीव भाराशी जुळवून घ्यायला त्यांना महिने लागतात. म्हणजे सहाव्या-आठव्या आठवड्यात दम म्हणतो ‘चल’, आणि टाचेमागची अकिलिस कंडरा अजून तयार नसते. परतणाऱ्यासाठी सर्वांत धोक्याचे दिवस हेच. सुरुवातीचे धडपडीचे दिवस त्या मानाने सुरक्षित असतात, कारण तेव्हा जोर लावायला दमच नसतो.

उशिरा परतून काय साधतं याचं उदाहरण हवं असेल तर एड व्हिटलॉक बघा. 1931 साली लंडनमध्ये जन्मलेला हा गडी विद्यार्थीदशेत चांगला धावायचा, पुढे कॅनडात गेल्यावर धावणं सुटलं आणि चाळिशीत पुन्हा सुरू केलं. 2004 मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्याने टोरांटोत मॅरेथॉन 2 तास 54 मिनिटं 48 सेकंदांत पूर्ण केली. त्याचा सराव म्हणजे घराजवळच्या दफनभूमीत तासन्‌तास संथ फेऱ्या. त्याची नक्कल करू नका, तेवढा भार फार थोड्यांच्या शरीराला सोसतो. घेण्यासारखं एवढंच की त्याचा बहुतेक सराव रेंगाळत, संथ लयीत चालायचा.

पहिले आठ ते दहा आठवडे: गवतावर, मिनिटांत

किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. अंतर मोजलं की वेग निघतो, वेग निघाला की जुना वेग आठवतो. शक्य तेवढं गवतावर किंवा मातीच्या वाटेवर धावा. शर्यत तिथेच आहे आणि उंचसखल जमीन घोट्याच्या बारीक स्नायूंना पहिल्या दिवसापासून कामाला लावते.

बरीच वर्षं काहीच केलं नसेल तर आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, अर्धा तास पुरे: दोन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं. धावण्याचा वाटा हळूहळू वाढवा आणि सलग तीस मिनिटं धावणं सहज जमेपर्यंत चौथा दिवस जोडू नका. मधल्या दिवशी सायकल किंवा पोहणं चालेल. दमाला सराव मिळतो आणि पोटऱ्यांना सुट्टी.

वेग किती ठेवायचा? शेजारी कुणी असेल तर पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. ‘220 वजा वय’ या सूत्रावर विसंबू नका. ते सरासरीचं सूत्र आहे आणि एकाच वयाच्या दोन माणसांच्या कमाल ठोक्यांत दहा-वीसचा फरक सहज असतो. बोलून बघणं जास्त भरवशाचं. जुन्या खेळाडूंना हा वेग अपमानास्पद वाटतो, आणि लहान मुलं सायकलवरून ओलांडून गेली की आणखीच. वाटू दे.

दुखण्यासाठी एक साधी कसोटी ठेवा: सकाळी पलंगावरून उतरल्यावरची पहिली दहा पावलं. टाचेमागे किंवा तळव्यात कडकपणा कालपेक्षा जास्त असेल, तर कालचा सराव जास्त झाला. धावताना गरम झाल्यावर दुखणं गेलं म्हणजे बरं झालं असं नसतं. कंडरेचं दुखणं असंच फसवतं.

ताकद: हा टप्पा वगळायचा नाही

तुमच्या काळात धावपटूंनी वजनं उचलायची नसतात असं सांगितलं गेलं असेल. ते विसरा. वयाबरोबर स्नायू घटतात आणि वेगवान आकुंचन पावणारे तंतू आधी घटतात. चिखलातून पाय उपसायला, चढावर रेटायला आणि शेवटच्या दोनशे मीटरला तेच लागतात.

आठवड्यातून दोनदा. पोटऱ्यांपासून सुरुवात करा. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाच उचलणं आणि सावकाश खाली सोडणं, आधी गुडघा सरळ ठेवून, मग वाकवून. गुडघा वाकवल्यावर भार पोटरीच्या आतल्या सोलियस स्नायूवर येतो, आणि धावताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पेलणारा तोच. दोन्ही पायांवर सोपं झालं की एका पायावर, तेही सोपं झालं की पाठीवर वजन घेऊन. हाकन आल्फ्रेडसन या स्वीडिश अस्थिशल्यविशारदाने 1998 मध्ये अकिलिसच्या जुनाट दुखण्यासाठी जो व्यायाम मांडला तो याच जातीचा: टाच सावकाश खाली सोडणं, 15-15 चे तीन संच, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. दुखणं आधीपासून असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारून हा नेम धरा. कंटाळवाणा आहे, पण बाराव्या आठवड्यापर्यंत टिकणारे थोडे असतात आणि फायदा त्यांनाच होतो.

मग स्क्वॉट्स, लंजेस, पायरीवर चढणं-उतरणं, कमरेच्या बाजूचे स्नायू. एका पायावर अर्धं मिनिट उभं राहा, जमलं की डोळे मिटून. घसरड्या उतारावर तोल सावरण्याची क्षमता वयाबरोबर मंदावते आणि तिचा सराव दात घासतानाही होतो. ताकदीच्या दिवशी जेवणात प्रथिनं नीट हवीत. उतारवयात स्नायूंना तेवढीच वाढ साधायला तरुणांपेक्षा जास्त प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं.

वेग परत आणताना क्रम पाळा

सलग चाळीस-पंचेचाळीस मिनिटं आठवड्यातून चार दिवस आरामात होऊ लागली, आणि सकाळची पहिली दहा पावलं शांत आहेत, की पुढे जा. क्रम असा.

आधी स्ट्राइड्स. सोप्या धावण्याच्या शेवटी गवतावर पंधरा-वीस सेकंद मोकळ्या, वेगवान पण न ताणलेल्या धावा, चार ते सहा, मध्ये भरपूर चालणं. पायांना चपळाईची आठवण देणं एवढंच काम.

दोन-तीन आठवड्यांनी चढ. सपाटीवरच्या स्प्रिंटपेक्षा चढावरची छोटी धाव मांडीच्या मागच्या स्नायूंना सुरक्षित असते, कारण ढांग लांबत नाही. पण पोटरी आणि अकिलिसवर चढाचा ताण जास्त येतो, म्हणून सौम्य चढाची टेकडी निवडा आणि खाली येताना चाला. दहा सेकंदांच्या चार धावांपासून मिनिटाच्या सहा-आठ धावांपर्यंत जायला दीड-दोन महिने घ्या.

त्यानंतर टेम्पो: ‘कष्टाचं पण काबूत’ अशा प्रयत्नाने दहा मिनिटं, पुढे वीस. सगळ्यात शेवटी इंटरव्हल, उदाहरणार्थ उंचसखल गवतावर तीन-तीन मिनिटांच्या पाच धावा, मध्ये दोन मिनिटं हळू. शर्यतीला सहा ते आठ आठवडे असताना सुरू केले तरी चालतात. ट्रॅकवर चारशे-चारशेच्या फेऱ्या मारायचा मोह होईल; तिथे तुमचं जुनं घड्याळ पुन्हा बोलू लागतं, आणि चिखलातल्या शर्यतीला त्या गुळगुळीत फेऱ्यांचा उपयोगही बेताचाच.

जोराचे दिवस आठवड्यातून दोन, त्याहून जास्त नाहीत. विशीत मंगळवार, गुरुवार, शनिवार असा रतीब चालायचा. आता दोन जोराच्या सरावांत किमान दोन हलके दिवस हवेत, साठीनंतर तीनही. आठवड्याचा हिशेब जुळेना तर दहा दिवसांचं चक्र धरा. शरीराला वार ठाऊक नसतात. दर चौथ्या आठवड्यात भार मुद्दाम कमी करा, बरं वाटत असलं तरी. बरं वाटत असताना कमी करणं हेच जुन्या खेळाडूला सर्वांत जड जातं.

उताराचा वेगळा सराव करा. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात आणि पहिल्या खेपेला दोन दिवस जिना उतरवत नाही. थोड्या थोड्या उताराने ही दुखी पुढच्या वेळी बरीच कमी होते. शर्यतीत शरीर मागे टाकून ब्रेक लावणारे फार असतात. पावलं लहान व भरभर, हात थोडे बाजूला, नजर चार-पाच मीटर पुढे ठेवणारा तिथे फुकटात जागा मिळवतो.

चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर तो काढून दूरच्या नजरेचा साधा चष्मा घाला. खालच्या भागातून वाचनाचा नंबर डोळ्यासमोर येतो आणि पायाखालची जमीन धूसर होते.

बूट

ट्रंकेतले जुने स्पाइक्स (तळाला खिळे असलेले बूट) भावनिक ठेवा म्हणून ठेवा. त्यांचा गोंद वाळलेला असतो, तळ पहिल्याच चिखलात सुटू शकतो, आणि वयाबरोबर पाऊल पसरट होतं, त्यामुळे जुना नंबर बसेलच असं नाही. नवे घेताना संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना घालून बघा.

स्पाइक्सची टाच सपाट असते, म्हणजे अकिलिसला रोजच्या बुटांपेक्षा जास्त ताणावं लागतं. पहिले काही आठवडे फक्त स्ट्राइड्स त्यात करा, मग इंटरव्हलचा अर्धा भाग, मग पूर्ण. शर्यतीच्या दिवशीच पहिल्यांदा घालणं म्हणजे पोटरीचं दुखणं ओढवून घेणं. अकिलिस कायम कुरकुरत असेल तर खोल रबरी खाचांचे ट्रेल शूज वापरा. फार घसरडा मार्ग सोडला तर तोटा थोडा असतो. खिळे बदलता येतात: कोरड्या कडक जमिनीला 6 मिलिमीटर, सर्वसाधारण गवताला 9, ओल्याला 12, गुडघाभर चिखलाला 15. आदल्या दिवशी ते पान्ह्याने घट्ट करा, पान्हा पिशवीत ठेवा, आणि शर्यतीपूर्वी नाड्यांना दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचा. चिखलात रुतलेला बूट शोधण्यात कितीतरी क्रमांक जातात.

शर्यत निवडणं आणि पळणं

वर्ल्ड मास्टर्स ॲथलेटिक्स या वयस्क (‘मास्टर्स’) खेळाडूंच्या जागतिक संघटनेच्या पद्धतीत वयोगट 35 पासून सुरू होतात आणि पाच-पाच वर्षांनी बदलतात: 35, 40, 45 असे पुढे. काही ठिकाणी स्थानिक नियम वेगळे असतात, तेव्हा प्रवेशपत्र भरताना आयोजकांचं माहितीपत्रक नीट वाचा. काही शर्यतींत क्लबची नोंदणीही लागते. वयस्क गटांची अंतरं बहुधा खुल्या गटापेक्षा कमी असतात. तुमच्या आठवणीतलं अंतर आता बदललेलंही असेल: जागतिक क्रॉस-कंट्री स्पर्धेत 2015 पर्यंत पुरुषांना 12 आणि स्त्रियांना 8 किलोमीटर पळावं लागे, 2017 पासून दोघांनाही 10 किलोमीटर.

पहिली शर्यत लहान आणि बिनमहत्त्वाची निवडा. लवकर पोहोचा आणि मार्ग चालून बघा, शक्य झालं तर पूर्ण. सुरुवातीचे तीनशे मीटर आणि पहिलं वळण विशेष बघा: मैदान कुठे अरुंद होतं, वळणाच्या आतल्या बाजूला चिखल कुठे तुडवला जाणार, शेवटच्या चढानंतर समाप्तीरेषा किती दूर आहे. थकल्यावर ओळखता येईल असं एखादं झाड किंवा कुंपण डोक्यात ठेवा.

वॉर्म-अप तरुणपणीपेक्षा लांब लागतो. वीस-पंचवीस मिनिटं सोपं धावणं, सांधे मोकळे करणं, शेवटी स्पाइक्समध्ये चार स्ट्राइड्स. घामेजलेलं अंग रेषेवर उभं राहून गार पडू देऊ नका, वरचा टी-शर्ट शेवटच्या क्षणी काढा. वेदनाशामक गोळी खाऊन धावायला उतरू नका. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि दुखापतीचा इशारा दाबून टाकतात. उष्णतेबद्दलही सावध राहा. वयाबरोबर तहान उशिरा कळते आणि घाम कमी येतो. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भर उन्हात झालेल्या क्रॉस-कंट्रीत 38 जण सुटले आणि 15 जणच पोहोचले. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये हा प्रकार झालाच नाही.

सुरुवातीला सगळे सुसाट सुटतात, कारण पुढे वाट अरुंद होते. तुम्ही दोन-तीन ओळी मागे आणि कडेला उभे राहा. पहिले तीन मिनिटं थोपवून धरणं अवघड आहे, पण वयस्क शरीर सुरुवातीला वापरलेला जोर नंतर भरून काढत नाही. नंतर एकेक जण मागे पडू लागतात. चढावर ढांग आखूड करा, हात चालवा आणि माथ्यावर पोहोचल्यावर थांबल्यासारखे होऊ नका. बहुतेक जण माथ्यावर सुस्कारा टाकतात आणि तिथेच दहा पावलांत दोन जागा मिळतात.

मास्टर्स शर्यतींत पाठीवर वयोगटाचा क्रमांक लावायची पद्धत आहे. तो वाचायची सवय लावा. तुम्ही साठीत असाल तर पुढे पळणारा चाळिशीचा गडी तुमचा प्रतिस्पर्धी नाही; पाठीवर तुमचाच गट लिहिलेली पांढऱ्या केसांची बाई किंवा बाबा दिसला की काम सुरू. सांघिक निकालही क्रमांकांच्या बेरजेने लागतो. समजा तिघांचे क्रमांक धरतात आणि ते 4, 11 आणि 19 आले, तर संघाचे गुण 34, आणि सर्वांत कमी गुण मिळवणारा संघ जिंकतो. म्हणजे तिसऱ्याने शेवटच्या वळणावर मागे टाकलेला एक माणूस पहिल्याने टाकलेल्या माणसाइतकाच मोलाचा. संघाला तिसरा किंवा चौथा माणूस कमी पडणं हे अगदी नेहमीचं, त्यामुळे तुम्ही मंद असलात तरी क्लब तुम्हाला शोधत येतील.

शर्यतीनंतर

दहा-पंधरा मिनिटं चालत-रेंगाळत फिरा, ओले कपडे लगेच बदला. पुढचे दोन-तीन दिवस चालणं किंवा सायकल, आणि पुढचा जोराचा सराव आठवडाभराने. दोन शर्यतींत सुरुवातीच्या वर्षी तीन आठवडे तरी ठेवा, मोसमात चार-पाच शर्यती पुष्कळ.

डायरीत वेळ लिहू नका. मार्ग कसा होता, जमीन ओली की कोरडी, वयोगटातला क्रमांक, कुठे जागा गेल्या आणि कुठे मिळवल्या, दुसऱ्या दिवशीची पहिली दहा पावलं कशी होती, हे लिहा. आणि नवीन वयोगटात जायला काही महिनेच उरले असतील तर मोठी स्पर्धा वाढदिवसानंतरची निवडा. वय बहुधा शर्यतीच्या दिवशीचं, बहुदिवसीय स्पर्धेत पहिल्या दिवसाचं धरतात, आणि नव्या गटात त्या दिवशी सर्वांत तरुण तुम्ही असता.